दोर ठणठणीत होता

१

माणूस वरून खाली आला तेव्हा त्याच्या मुठीत ओला फडका तसाच होता. काचा पुसता पुसता तो पडला, आणि पडतानाही हातातलं काम त्याने सोडलं नाही.

त्या उंच काचेच्या इमारतीवर दोन भाऊ दोराला लटकून काचा पुसत. मोठ्याला सगळे थोरला म्हणत, लहानाला धाकटा. प्रत्येकाला दोन दोर: एक भार घ्यायला, दुसरा राखीव, पहिल्याने दगा दिलाच तर झेलायला. थोरल्याचे दोन्ही तुटले. तेही एकाच उंचीवर, जणू कुणी एका फटक्यात दोन्ही उडवले. त्या मजल्याच्या खिडक्या उघडत नाहीत. काचा भिंतीत कायमच्या बसवलेल्या. थोरल्यापासून हाताच्या अंतरावर होता तो फक्त धाकटा, आणि त्याच्या कमरेला काच खरवडायचं धारदार पातं होतं. शिवाय आदल्या दिवशी दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालेलं साऱ्या इमारतीने ऐकलं होतं.

मग काय, कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही. दिवस मावळायच्या आत धाकटा चौकीत बंद झाला.

अपघातांचा तपास करणाऱ्या कचेरीतून बाई आल्या त्या दुसऱ्या दिवशी. या बाईंना कचेरीत पाठीमागे 'शेगडी' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि त्यांची हरकत नव्हती. शेगडीला निदान कुणी गृहीत धरत नाही.

व्यवस्थापकाने खुर्ची पुढे सरकवली, पाण्याचा पेला ठेवला आणि त्याच्या शेजारी एक टाइप केलेला कागद ठेवला.

"मॅडम, सगळं तयार आहे. तुमची सही झाली की पोलीस पुढचं बघतील. तुम्हाला उगाच जिने चढायला नकोत."

बाईंनी कागद वाचला. 'दोर हेतुपुरस्सर कापण्यात आला.'

"हे कुणी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात? अहो, त्या दोराने मोटार ओढून न्यावी! नवा कोरा, निळाशार, अंगठ्याएवढा जाड. असा दोर आपण होऊन तुटतो होय? आणि एक नाही, दोन?"

"तुम्ही तो कधी हातात घेतला होता?"

"हातात कशाला घ्यायला हवा?" व्यवस्थापक हसला. "दिसतो ना!"

बाईंच्या कपाळाची शीर उडू लागली ती तिथे. दिसतो ना! खुर्ची करकरली की लोक दचकून उठतात, आणि आतून पोखरलेली पण गप्प राहणारी खुर्ची आली की तिच्यावर बाळाला बसवतात. जड ते मजबूत, जाड ते मजबूत, चकचकीत ते मजबूत. टिचकी मारायची, ठण्ण आवाज आला की झालं समाधान. ज्याच्यावर जीव टांगायचा ती वस्तू माणूस डोळ्यांनी पारखतो आणि डोळे मिटून तिच्यावर चढतो. बाईंनी आजवर पाहिलेल्या निम्म्या मरणांच्या मुळाशी हेच होतं.

आणि आता त्याच दिसण्याच्या जोरावर एक पोरगा खुनी ठरत होता. दोर मजबूत दिसत होता, एवढाच काय तो पुरावा.

बाईंनी कागदाची घडी घातली, पाण्याच्या पेल्याखाली दाबली आणि उठल्या.

"जिने कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. "मला चढायला आवडतात."

२

पण जिन्यांआधी त्या चौकीत गेल्या.

धाकटा भिंतीला पाठ लावून बसला होता. विशी नुकतीच ओलांडलेली, हाताला साबणाने पडलेल्या भेगा. त्याने वर पाहिलंच नाही.

"भांडण कशावरून झालं?" बाईंनी सरळ विचारलं.

"सगळ्यांनी ऐकलंय की."

"मी नाही ऐकलं."

"वहिनी म्हणायची, एका घरातले दोघे दोरावर नकोत. एकाने तरी जमिनीवर राहा. दादा म्हणाला, तू सोड हे काम, दुकानात लाग. मी म्हणालो, तू सोड, तुला बायको आहे. तो म्हणाला, तू लहान आहेस. मी म्हणालो, तू मोठा शहाणा. असं वाढत गेलं."

"म्हणजे दुसऱ्याने वाचावं म्हणून दोघं भांडत होतात?"

"भांडताना असं थोडंच वाटतं?" तो चिडून म्हणाला. "भांडताना फक्त राग येतो."

बाईंना तो पोरगा आवडला.

"दोर कुणी तपासला?"

"मीच. आमच्याकडे रीतच आहे. स्वतःचा दोर स्वतः तपासायचा नाही, माणूस स्वतःच्या बाबतीत आळस करतो. त्याचा मी बघायचा, माझा त्याने. म्हणून तर सगळे म्हणतात, कापला तरी तूच, खराब दिलास तरी तूच. दोन्हीकडून माझीच मान."

"कसा तपासला?"

"वरून बोटांतून फिरवला. मग कठड्यापाशी दोन्ही दोरांना लोंबकळलो. झोके घेतले. ठणठणीत होता."

"वरचा ठणठणीत होता," बाई म्हणाल्या. "खालचा?"

धाकटा गोंधळला. "खालचा पिशवीत असतो ना. दोन्ही दोर एकाच पिशवीत. भरताना खालची टोकं आधी कोंबायची, वरची शेवटी. मग उतरताना वरचा दोर आधी सुटतो, खालचा मागाहून. गुंता होत नाही. मुकादम मामांनी शिकवलंय आम्हाला."

"म्हणजे पिशवीच्या बुडाशी जो दोर असतो तो कुणीच बघत नाही."

"सगळा दोर सारखाच असतो की हो."

"असतो?" बाई म्हणाल्या.

त्या जायला वळल्या, तेव्हा तो मागून म्हणाला, "वहिनी आली होती काल. मी म्हटलं, वहिनी, मी नाही. मोठ्याने म्हटलं. ती गजांतून थुंकली." त्याने गालावरून हात फिरवला, जणू अजून तिथे काही असावं. "त्या बयेने मला लहानाचा मोठा केलाय."

चौकीतल्या टेबलावर दोराचे खाली पडलेले तुकडे होते. बाईंनी एक उचलला. निळा रंग तुळतुळीत. तुटलेलं टोक आखूड, नीटस. ज्याला कापलेलं बघायचंय त्याला कापलेलंच दिसावं असं. पण पात्याने एका रेषेत धागे कापले जातात. आणि चांगला दोर भाराने तुटला, तर मरता मरता ताणला जातो, त्याच्या लांबलांब झिपऱ्या होतात. हा ना कापला गेला होता, ना झुंजला होता. टोकाचे धागे वरखाली मोडलेले होते, उन्हाने करपलेल्या गवतासारखे.

बाईंनी टोकाजवळचा भाग दोन बोटांत धरून वाकवला. कर्रकन आवाज झाला, आणि निळा भुगा त्यांच्या तळहातावर सांडला. दुसऱ्या दोराचं तेच. पहिला मोडला तेव्हा राखीव दोराने झेललं, आणि तोही त्याच जागी मोडला. पिशवीच्या बुडाशी दोघे एकमेकांना चिकटून होते ना!

ठाणेदार बघत होता. "बरं, कापला नाही. कुजलेला दिला म्हणा. दिला कुणी? तपासणाऱ्यानेच ना? पोरगा आत तो आतच."

दोराला काहीतरी खाऊन गेलं होतं, आणि वरून रंगाचा टवकासुद्धा उडाला नव्हता. हे आपोआप झालं, की हे कुणाला तरी ठाऊक होतं?

३

थोरल्याच्या घरात भिंतीकडे तोंड करून त्याची बायको बसली होती. बाईंनी भुग्याची पुडी तिच्यापुढे ठेवली.

"दोर कापलेला नव्हता. आतून खराब झाला होता."

तिने पुडीकडे पाहिलंही नाही. "ताई, तो दोर मी बघितलाय. माझ्या वेणीहून जाड. त्याच्या भरवशावर मी रोज सकाळी त्यांना दार उघडून दिलं. आता तुम्ही सांगता, तो भुगा होता?" तिचा आवाज चढला. "मग मी कशाला दार उघडून देत होते? कशाच्या जोरावर निवांत भाजी चिरत होते? नाही. दोर चांगला होता. माणूस वाईट निघाला. हेच खरं."

बाईंनी वाद घातला नाही. दिरावर थुंकणं सोपं होतं. त्या निळ्या दोरावर ठेवलेला भरवसा थुंकून टाकणं कठीण होतं. त्यांना तिचा राग आला आणि त्याहून जास्त त्या रागाचा राग आला.

मग त्या इमारतीत गेल्या आणि खरोखरच सगळे जिने चढल्या.

शेवटच्या मजल्यावर दोरांचं कपाट होतं. उघडलं तर आत सभागृहाच्या मखमली खुर्च्या, एकावर एक.

"दोर कुठे ठेवता मग?"

"बाहेर, या बोळात," सगळ्या दोरवाल्यांचा मुकादम म्हणाला. त्यालाच सगळे मामा म्हणत. पिकलेल्या मिशा, रडून सुजलेले डोळे. दोघा भावांना त्यानेच हाताला धरून या कामात आणलं होतं. "खुर्च्या आल्या तसे दोर बाहेर आले. पोरी, थोरला गेला नाही गं, माझा उजवा हात गेला. आणि तो धाकटा... माझा विश्वास बसत नाही. पण दोर बघितलास ना? कापल्याशिवाय का जाणार होता तो?"

बोळाच्या टोकाला लोखंडी दार होतं. बाईंनी ते उघडायला लावलं. आत वीज गेली की लिफ्टला पुरवायच्या मोठमोठ्या बॅटऱ्या रांगेने मांडलेल्या. एका बॅटरीच्या पायथ्याशी फरशीला पांढरट, खरबरीत चट्टा पडला होता. ॲसिडने खाल्लेली फरशी. आणि त्या चट्ट्याच्या मधोमध एक गुळगुळीत गोल, बादलीच्या बुडाएवढा. गोल बुडाची एखादी वस्तू तिथे बरेच दिवस उभी असावी आणि ॲसिड तिच्याभोवती साचून तिला खालून चाटत राहिलं असावं.

दोराच्या पिशवीचं बूड तेवढंच असतं.

"या दाराच्या किल्ल्या कुणाकडे?"

"तीन आहेत. साहेबांकडे एक, माझ्याकडे एक, जावयाकडे एक. पण आत कुणी जात नाही."

जावई म्हणजे मामांचा जावई. तोही दोरावरच काम करायचा. बाईंनी त्याला गाठलं तेव्हा तो फुरंगटून बसला होता.

"मेल्या माणसाचं वाईट बोलू नये, पण सासऱ्यांचं सगळं प्रेम त्या दोघा भावांवर. मी जावई नुसता नावाला!"

"असं का म्हणता?"

"थोरला पडला त्या दिवशीचंच घ्या. पिवळीधमक नवी पिशवी आणली सासऱ्यांनी. मी म्हटलं वा, मला! आत दोरही माझेच होते, मी ओळखले. तर म्हणे नाही, ही थोरल्याला. तू त्याची जुनी घे आणि आज बागेकडची बाजू कर. पिशवी माझी, दोर माझे, मान त्याचा. मी म्हटलं ठीक आहे, घाला तुमच्या लाडक्याच्या गळ्यात."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"ही काय सांगायची गोष्ट झाली? हसतील लोक. पिशवीसाठी रुसला म्हणतील."

बाई हसल्या नाहीत. हा माणूस बोलतोय ते खरं, की स्वतःचा कुजलेला दोर दुसऱ्याच्या गळ्यात घालून वर रुसव्याचं सोंग करतोय? किल्ली त्याच्याकडेही होती. किल्ली व्यवस्थापकाकडेही होती, आणि कागद तर त्याने आधीच टाइप करून ठेवला होता.

तिघांपैकी एकाला ठाऊक होतं. विचारून कुणीच सांगणार नव्हतं. मग त्यांनी ठरवलं, विचारायचं नाही. दोर निवडायला सांगायचा.

४

गच्चीच्या लोखंडी कडीला थोरल्याच्या दोरांचा उरलेला, वरचा भाग अजून बांधलेला होता. निळाशार, लख्ख. त्याच्याशेजारी बाईंनी एक जुना दोर आणून टाकला. बादल्या खाली सोडायचा, मातकट, अंगावर तंतू पिंजारलेला. बाईंनी कमरेला पट्टा बांधला आणि एकेकाला वर बोलावलं.

"मला दोन मजले खाली उतरून काचेवरच्या खुणा बघायच्यात. नवा दोर यायला उशीर आहे. समोर हे दोन आहेत. कुठल्यावर उतरू?"

व्यवस्थापकाने कठड्यापासून चार हात लांब उभं राहूनच हात केला. "हा निळाच की! वरचा भाग शाबूत आहे त्याचा, कापला तो खाली. त्या दुसऱ्याकडे बघूनच धडकी भरते. कुत्र्याने चघळल्यासारखा दिसतोय."

जावयाने निळ्या दोराला दोन हिसके दिले, अंगाचा भार टाकून पाहिला. "निळा. पातं लागलं ते खाली, वर काय झालंय त्याला? बादलीच्या दोरावर मी वैऱ्यालाही सोडणार नाही. सावकाश उतरा फक्त."

मग मामा आले. सवयीने त्यांचा हात निळ्या दोराकडे गेला, आणि निखाऱ्याला लागल्यासारखा मागे आला.

"पोरी, उतरूच नको."

"उतरावंच लागेल, मामा."

"मग हा घे." त्यांनी पिंजारलेला दोर उचलला. "दिसायला तसा, पण ओळखीचा आहे."

"बादल्यांच्या दोरावर माणूस?"

"तू कितीशी जड आहेस! दोनच तर मजले."

"आणि निळा का नको?"

"त्याच्यावर माझं पोर गेलंय." मामांनी डोळे पुसले. "असल्या दोराला हात लावू नये. बरं नसतं ते."

"मी असलं काही मानत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी निळा दोर पट्ट्यात अडकवला, चाप खटकन बंद केला, आणि एक पाय कठड्यावर ठेवला. वारा खालून वर येत होता. खाली रस्त्यावरच्या मोटारी काड्यापेट्यांएवढ्या दिसत होत्या.

दुसरा पायही त्यांनी उचलला.

मामा झेपावले. दोन्ही हातांनी त्यांनी बाईंचा पट्टा धरला आणि म्हातारपणात कुठून आणला कोण जाणे तेवढा जोर लावून त्यांना मागे खेचलं. दोघेही गच्चीवर आदळले.

"तुटेल तो!" मामा ओरडले. "नको, तुटेल!"

बाई फरशीवर पडल्या पडल्याच त्यांच्याकडे बघत होत्या.

"का तुटेल?" त्यांनी हळूच विचारलं. "पातं तर खाली लागलंय. वरचा दोर का तुटेल, मामा?"

५

बाईंच्या कंबरेला कडीपासून दुसरी एक पोलादी साखळी जोडलेली होती, जाकिटाखालून. मामांना ती दिसली नव्हती. जिन्यात थांबलेले व्यवस्थापक आणि जावई ओरडा ऐकून धावत वर आले.

बाई उठल्या. कोपर सोलवटलं होतं. त्यांनी ते पुसलंसुद्धा नाही.

"दोर कापला असं ज्याला वाटतं, त्याच्या लेखी उरलेला दोर चांगलाच आहे. पात्याने एका जागी कापलेला दोर बाकीच्या जागी आजारी पडत नाही. साहेबांनी निळा निवडला. तुमच्या जावयाने निवडला, वर लोंबकळून दाखवलं. दोघेही चुकीचं समजत होते, पण दोघेही खरंच तसं समजत होते. तुम्ही एकट्यांनी निळा नाकारला. कारण हा दोर कशाने गेला ते तुम्हाला एकट्यांनाच ठाऊक आहे. वर कुठपर्यंत पोचलंय एवढंच काय ते ठाऊक नाही."

मामा बसूनच राहिले.

"कपाटात खुर्च्या आल्या. बोळात दोर पायात येतात, म्हणून तुम्ही पिशव्या बॅटऱ्यांच्या खोलीत ठेवल्यात. एका पिशवीखाली ॲसिड गळत राहिलं. नायलॉनला ते आतून खातं, वरून काही दिसत नाही. पण कापडी पिशवीचं बूड गेलं. म्हणून नवी पिशवी आली. खरं की खोटं?"

"धुतला मी तो," मामा पुटपुटले. "पाण्याने धुतला, उन्हात वाळवला. साहेबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, त्या खोलीत ठेवले कुणी? काढून टाकलं असतं मला. या वयात कुठे गेलो असतो? आणि दोराला काही झालं नव्हतं गं! रंग गेला नव्हता. ओढून पाहिला. लोंबकळलो. ठणठणीत होता. शपथेवर सांगतो, मला वाटलं टिकेल."

"टिकेल असं वाटलं?"

"वाटलं."

बाईंचा आवाज इतका खाली आला की वाऱ्यात तो जेमतेम ऐकू आला.

"मग जावयाला का नाही दिलास?"

इतका वेळचं 'तुम्ही' कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नाही. "दोर त्याचा होता. बाजू त्याची होती. ठणठणीत होता तर त्याच्याच गळ्यात का राहू दिला नाहीस? सांग ना! काल रडलास तो उजव्या हातासाठी. उजवा हात पणाला लावताना पोरीचं कुंकू तेवढं बाजूला काढून ठेवलंस. तुझ्या डोळ्यांना तो मजबूत दिसला, हातांना मजबूत लागला, आणि तरी पोटात तुला माहीत होतं! तेवढं माहीत असणं पुरे असतं, ऐकतोयस? दोर फेकून द्यायला तेवढं पुरे असतं!"

जावई निळ्या दोरापासून मागे सरला. पिवळ्या पिशवीसाठी तो दोन दिवस रुसला होता.

"आणि धाकटा चौकीत गेला तेव्हाही गप्प बसलास," बाई म्हणाल्या. "एक मेला तो तुझ्या भीतीने. दुसऱ्याला तू मरू देत होतास ते अगदी शांत डोक्याने."

"मी त्याला सोडवणार होतो. थोडं निवळलं की..."

"अनोळखी बाईला कठड्यावरून ओढायला तुला क्षण लागला नाही! त्या पोरासाठी काय निवळायची वाट बघत होतास?"

मामांनी मान खाली घातली. ते खोटं रडत नव्हते, आणि त्याचाच बाईंना सगळ्यात जास्त संताप आला. खोटं असतं तर झटकून टाकता आलं असतं.

व्यवस्थापकाने घसा खाकरला. "म्हणजे मॅडम, तसा हा आमच्या व्यवस्थेचा दोष..."

"खुर्च्या कुणाच्या?"

"अं?"

"त्या कपाटातल्या मखमली खुर्च्या. दोर बाहेर काढून त्या आत ठेवायला कुणी सांगितलं?"

"अहो, त्यांना धूळ लागते!"

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला, आणि मागे कठडा आहे हे आठवून पुन्हा पुढे आला.

"हे वाक्य जसंच्या तसं लिहिणार आहे मी," बाई म्हणाल्या. "तुम्हाला टाइप करायची तसदी नको."

६

मामांनी ठाणेदारापुढे सगळं सांगितलं. एकही शब्द अडला नाही. मग धाकट्याचं दार उघडलं.

बाई चौकीच्या ओसरीवर होत्या. त्यांनी वहिनीला निरोप धाडला होता, आणि ती येईल असं काही त्यांना वाटलं नव्हतं. पण ती आली. फाटकाशी उभी राहिली, अनवाणी. येताना चपला घालायचं राहून गेलं असावं.

धाकटा पायऱ्या उतरला आणि तिला पाहून थबकला. दोघांमध्ये आठ-दहा पावलांचं अंगण होतं. कुणी हललं नाही.

"मी तुला सांगत होतो," तो म्हणाला. "ओरडून सांगत होतो."

"हो."

"दोरावर विश्वास ठेवलास. त्या निर्जीव दोरावर! आणि माझ्यावर नाही. पाळण्यातून उचलल्यासारखं वाढवलंस मला, आणि तो दोर तुला माझ्याहून पक्का वाटला?"

तिने फाटकाचा गज धरला.

"दादा पडताना मी हात घातला होता," तो म्हणाला. "फडक्याचं टोक लागलं हाताला. तेवढंच. ओलं होतं, निसटलं. हे मी कुणाला सांगू? तुला सांगायचं होतं. तू थुंकलीस."

बाईंना वाटलं मध्ये पडावं, दोन शब्द बोलावेत. मग वाटलं, आपल्या शब्दांचं इथे काही काम नाही. त्यांनी ओसरीचा खांब धरून ठेवला.

धाकटा फाटकाकडे चालू लागला. तिच्या बाजूने जाताना त्याने अंग चोरून घेतलं आणि रस्त्याला लागला. घराच्या उलट्या दिशेला.

"अरे," ती म्हणाली.

तो थांबला. वळला नाही.

"माफी मागायला नाही आले मी. तू देऊ नकोस." तिचा श्वास लागला होता, जणू इतके दिवस ती पळतच होती. "राग येऊ दे तुला. भांडी आपट, जेवू नकोस, वर्षभर बोलू नकोस माझ्याशी. पण रस्त्यावर नको रागावूस. घरी येऊन रागाव."

रस्त्यावरून एक मोटार गेली, मग दुसरी. पोरगा तसाच पाठमोरा उभा होता. खांदे वर-खाली होत होते. मग तो वळला, आणि तिच्याकडे न बघता, तिच्या कितीतरी पुढून, दाणदाण पावलं आपटत घराच्या दिशेने चालू लागला.